काजळी पंखांची वही

‘कात्री खाली ठेव’ असं पुष्पलता मेश्रामला सांगितलं गेलं, तेव्हा तिच्या डाव्या हातात एक जिवंत पाखरू होतं आणि त्याच्या चार पंखांपैकी दोनच कापून झाले होते. तिने उरलेले दोन कापले. पाखरू पळसाच्या द्रोणात अंडी घालायला ठेवलं, वर दुसरा द्रोण पालथा घातला, आणि मगच कात्री टेबलावर ठेवून ती उभी राहिली. अर्धं काम टाकून उठायची तिला सवय नव्हती. सांगणाऱ्या साहेबांना तेवढा वेळ ताटकळत उभं राहावं लागलं.

ही १९६६ च्या जुलैमधली गोष्ट. बालाघाटहून बिरसाकडे जाताना जंगल दाट व्हायला लागतं, त्या जागी सरकारने कोसा बीज केंद्र काढलं होतं. कोसा म्हणजे आपल्या रानातलं रेशीम. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर हिरव्या अळ्या पोसायच्या, त्यांनी स्वतःभोवती विणलेले टणक कोसे उतरवायचे, ते उकळून धागा काढायचा. पण सगळेच उकळले तर पुढच्या हंगामाला बीज कुठून आणणार? म्हणून चांगले कोसे निवडून, दोऱ्यात ओवून, त्यांच्या माळा केंद्राच्या लांबट अंधाऱ्या खोलीत टांगत. त्या खोलीला सगळे बीजघर म्हणत. हंगाम आला की कोशांतून तळहाताएवढी पाखरं निघत, रातोरात जोड्या जमवत. सकाळी बायका जोड्या सोडवून माद्यांचे पंख कापत, कारण पंख राहिले तर मादी फडफडून अंडी विखरून टाकते. अंडी झाली की मादी खलात घोटायची आणि तिचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. रोग दिसला तर अंडी जाळायची. पंखांचा मात्र कोणालाच उपयोग नसे. ते केरात जात.

माद्या दोन रंगांच्या निघत, हळदुल्या किंवा राखी. नर विटकरी. त्या वर्षी तिसराच रंग निघाला, चुलीवरच्या गंजाच्या बुडासारखा. लोक त्यांना काजळी म्हणू लागले. या काजळी माद्यांची निम्मी अंडी फुटेचनात, आणि केंद्राचं बीज नेणाऱ्या चाळीस घरांच्या तोंडचं पाणी पळालं.

चाळीस घरांचा म्होरक्या होता डोमाजी. साठीचा, काटक, बोलायला तोलूनमापून. अळ्या झाडावर असल्या की तो दाढी करत नसे, अंगाला तेल लावत नसे, मासळीकडे बघत नसे, आंघोळ केल्याशिवाय झाडाला हात लावत नसे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पण बीजघराच्या दाराशी तो हळदीच्या पाण्याचा एक पितळी लोटा ठेवी. पुष्पलताने ओवलेली माळ हातात घ्यायची वेळ आली की माळेवर चार थेंब शिंपडी आणि स्वतःची बोटं त्यात बुडवून घेई. बाकी कोणाच्या माळेला लोटा लागत नसे. दोन वर्षं सगळे हे बघत होते, तीही बघत होती. काजळी पाखरं निघाली तशी चार थेंबांवर भागेना. डोमाजीने केंद्राच्या साहेबांना सांगितलं, त्या पोरीचा हात बीजाला लागला तर एक घरसुद्धा बीज उचलणार नाही.

पुष्पलताचं घर रामपायलीकडलं. १९५६ साली ती बारा वर्षांची असताना बाप चैतराम तिला घेऊन नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. आल्यावर घरातले देव टोपलीत भरून त्याने नदीत सोडले. मुलीला सातवीपर्यंत शिकवलं. तिला कोणी हात मागे घे म्हटलं तर घ्यायचा नाही, एवढं एकच तो सांगत असे. ती नाकावर माशी बसू न देणारी निघाली, यात नवल ते काय.

“दो महीने बाहर का काम कर ले, बेटी,” साहेब म्हणाले. “झाड़ू वगैरह.”

“झाडू घेईन साहेब. पन माह्या हातानं पाखरं काळी झाली, असं कागदावर लिहून द्या.”

साहेबांनी उभ्या नोकरीत असं काही कागदावर लिहिलं नव्हतं. ते छताकडे बघत राहिले. तिची कात्री डोमाजीच्या सुनेला, मैनाबाईला मिळाली आणि पुष्पलताने झाडू उचलला. ती आतून जळत होती. पण कोणी लिहून दिलं नाही हे तिने पक्कं लक्षात ठेवलं. जे लिहायची यांची हिंमत होत नाही ते खरं नसणार, असा तिने मनाशी हिशेब केला, आणि खरं काय ते आपणच लिहून काढायचं ठरवलं.

झाडू हाती आला तसे केंद्रातले सगळे पंख तिच्या सुपात आले. टेबलावर होती तेव्हा तिला फक्त आपण कापलेले पंख दिसत. आता सगळ्या केंद्राचे दिसू लागले. ती मैनाबाईला म्हणाली, “ज्या माळेचं पाखरू, त्या माळेच्या खुंटीखाली पंख टाकत जा. झाडू माराले सोपं जाते.” मैनाबाईने टाकले. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुष्पलता खुंटीनुसार पुड्या बांधू लागली.

केंद्रात प्रेमलाल बिसेन नावाचा तरुण होता. वारासिवनीचा, एम.एस्सी. झालेला. दिवसभर माद्यांचे थेंब तपासायचे हे त्याचं काम. पंखांच्या रंगाचा अभ्यास करावा असं त्याच्या मनात फार होतं, पण साहेबांना तो पोरखेळ वाटे. एक दिवस त्याने पडवीत बसून पुड्या बांधणारी ही बाई पाहिली आणि तो तिथेच थांबला.

“मेश्रामबाई, हे काय करून राह्यल्या?”

“काळे कोन्या माळेचे ते पाहून राह्यली, सर.”

बिसेनने तिला आत नेलं आणि पंखाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तिने डोळा लावला. पाखराला हात लावला की बोटाला जी भुकटी लागते, ती भुकटी नव्हतीच. एकावर एक नीट रचलेली कवेलू होती ती, जशी घराच्या छपरावर असतात. काही पिवळी, काही तांबूस, काही पार काळी. पंख स्वतः काचेसारखा बिनरंगाचा होता, सगळा रंग त्या कवेलूंचा. ती बराच वेळ मान वर करेना. बिसेनला आपलं काम थांबल्याचंही भान राहिलं नाही.

मग त्याने दोन नळ्यांत तेजाब मिसळलेलं स्पिरिट घातलं, एकीत हळदुला पंख टाकला, दुसरीत काजळी, आणि दोन्ही गरम पाण्यात धरल्या. पहिल्या नळीत रंग उतरला, पंख फिका पडला. दुसऱ्या नळीतही थोडा पिवळेपणा सुटला, पण काळं जागचं हललं नाही.

“हे मेलॅनिन,” बिसेन म्हणाला. “असंतसं विरघळत नाही. तुमच्या केसात हेच, माझ्या कातडीत हेच.”

“अन् डोमाजीकाकाच्या?”

“त्यांच्यात जरा जास्तच.”

पुष्पलता त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

पंखाला काळं कशाने चढतं, याची बिसेनने यादी केली. थंडीने चढू शकतं, म्हणून त्याने थोडे कोसे ओल्या पोत्यात माठांजवळ ठेवले. त्यांतली पाखरं किंचित गडद निघाली, पण राखीची काजळी झाली नाही. रोगाने चढू शकतं, पण काजळी माद्यांच्या थेंबांत रोग नव्हता. उरलं ते जन्माचं. आईबापांकडून आलेलं असेल तर ते आईबाप कोणते, हे सांगायला कागद हवा. म्हणून पुष्पलताने एक जाड वही घेतली. एका पानावर एक जोडी. वर मादीचा पंख, बाजूला नराचा, खाली लेकरांचे. माळेची खूण, तारीख, द्रोणाचा नंबर.

चूक झाली ती डिंकात. तिने पंख चिकटवले भाताच्या खळीने. आमच्याकडे पाकीट असो की पतंग, खळीनेच चिकटतं. फेब्रुवारीत वही उघडली तर आत नुसती चाळण. खळ, पंख, कागद, सगळं कसरीने खाऊन टाकलं होतं. त्या दिवशी पुष्पलता पडवीत बसून रडली. कोण बघतंय याची तिने पर्वा केली नाही. डोळे पुसून झाल्यावर ती बाभळीचा डिंक गोळा करायला गेली. नवी वही शिवली आणि पानापानात डांबरगोळ्यांची पूड घातली.

वही गेली तरी एक गोष्ट डोक्यातून गेली नव्हती. काजळी पंख सगळे लाल दोऱ्याच्या माळांच्या खुंटीखाली सापडले होते, आणि लाल दोरा होता डोमाजीच्या घरचा.

डोमाजीच्या रानात एक येन होतं, त्याला ते देवाचं झाड म्हणत. त्या झाडाचे कोसे कधी उकळायचे नाहीत, फक्त बीजाला ठेवायचे, अशी त्याच्या घरची रीत. त्यांच्या माळा लाल दोऱ्यात ओवायच्या. तीन वर्षांपूर्वी केंद्रावर मेहेरबानी म्हणून त्याने यातल्या काही माळा सरकारला द्यायला सुरुवात केली होती. आपल्या घरातली सगळ्यात पवित्र वस्तू दिली त्याने. तिच्यात खोट असेल, हे त्याच्या मनात कसं येणार?

१९६७ च्या जूनमध्ये बीजासाठी सगळी घरं अंगणात जमली तेव्हा पुष्पलता झाडू भिंतीला टेकवून पुढे आली.

“लाल दोऱ्याच्या माळा डोमाजीकाकानं सोता ओवाव्या, सोता टांगाव्या. मी तिकडे फिरकनार नाही. बाकीच्या मी ओवीन. काळी पाखरं कोनाच्या माळेत निघतात ते समद्यायनं पाहावं.”

“हौ,” डोमाजी म्हणाला. त्याला आपल्या हाताची खात्री होती. त्याने आंघोळ करून, उपाशीपोटी, लोटा शेजारी ठेवून सहा माळा ओवल्या.

जुलैत पाखरं निघाली. डोमाजीच्या सहा माळांत दोनशे चाळीस, त्यांत एकोणसाठ काजळी. पुष्पलताच्या माळांत नऊशेवर, त्यांत एकही नाही. डोमाजीने एकेका द्रोणावरचं झाकण उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं.

“छत तं एकच आहे,” शेवटी तो म्हणाला. “हिची सावली पडतेच.”

आणि साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण आता त्यांना काही ठरवायची गरज उरली नव्हती. पुष्पलता झाडूवरच राहिली. दुसरी असती तर तिने कपाळावर हात मारून रामपायलीची वाट धरली असती. चैतरामनेही निरोप धाडला, ये म्हणून. तिने उलट निरोप पाठवला की काम झालं नाही.

“सर, दोनशे चाळीसात एकोनसाठ म्हंजे चारात एक,” ती बिसेनला म्हणाली. “चारातच एक काहून?”

बिसेनची कळी खुलली. त्याने जमिनीवर खडूने काढून दाखवलं. काळेपणा आईच्याही अंगात लपलेला असतो, बापाच्याही. वरून दिसत नाही. दोन्हीकडून लेकराला मिळाला तरच बाहेर येतो, आणि तसं चारात एकदा होतं. एकाकडून मिळाला तर तो लपूनच पुढे जातो.

“पन दोघायच्याबी अंगात एकच खोट? असं कसं जुळते?”

याचं उत्तर बिसेनकडे नव्हतं. ते मिळालं मैनाबाईकडून, दुपारी भाकरी खाताना, अगदी सहज. पुष्पलताने विचारलं, देवाच्या झाडावर अळ्या किती माद्यांच्या सोडता? मैनाबाई म्हणाली, “एकाच. लाल माळेतून पयली जे मादी निघते ना, तिचीच अंडी त्या झाडावर. दुसरीची चालत नाही. मामंजीनं बारा वर्सं झाली, कधी मोडलं नाही.”

पुष्पलताच्या हातातली भाकरी हातातच राहिली. झाडावरच्या सगळ्या अळ्या एका आईच्या. त्यांचे कोसे एका माळेत. त्या माळेतली पाखरं तिथल्या तिथे जोडी जमवणार. पुन्हा त्यांतली पहिली मादी, पुन्हा तेच झाड. बारा वर्षं! बाहेरचा नर त्या घरात शिरलाच नव्हता.

ती ताबडतोब जाऊन डोमाजीला हे सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. नुसतं सांगून तो ऐकणार नाही, तर वही भरायला हवी, हे ती एव्हाना शिकली होती. १९६८ च्या जुलैत बिसेन सायकलवर बिरसाच्या पलीकडे गेला आणि रानातले कोसे घेऊन आला. त्यांतले नर पुष्पलताने मैनाबाईकडून लाल माळेच्या काजळी माद्यांशी लावून घेतले. पंधरा जोड्या. माद्या द्रोणात मैनाबाईच ठेवी, कारण पुष्पलताला अजून टेबलाला हात लावायची मनाई होती. ती दारात उभी राहून नंबर सांगे आणि पंख सुपात घेई. सप्टेंबरात त्यांची लेकरं निघाली, तीनशे अकरा. तिने एकेक पंख उन्हात धरून पाहिला. काजळी एकही नव्हता, आणि अंडी भरपूर फुटली होती. मग त्याच भावंडांच्या जोड्या एकमेकांत लावल्या आणि त्यांचे कोसे पुढच्या जुलैची वाट बघत टांगले.

इकडे देवाचं झाड वाळत चालल्यासारखं झालं. झाड हिरवंगार होतं, अळ्याच टिकत नव्हत्या. १९६८ च्या हिवाळ्यात डोमाजीला त्यावर जेमतेम तीस कोसे मिळाले. सावलीवर किती ढकलणार? पुष्पलता कधी त्याच्या रानात गेलीच नव्हती. तो कोणाशी बोलेनासा झाला. देवाचं काही चुकलं असेल म्हणून त्याने उपास धरले, एक वेळचं जेवण सोडलं. मैनाबाई काळजीने अर्धी झाली.

१९६९ च्या जुलैत भावंडांच्या जोड्यांची लेकरं निघाली. चारात एक काजळी. दोन दिवसांनी डोमाजी पडवीत आला आणि खांबाला टेकून बसला. पुष्पलता वहीत पंख चिकटवत होती.

“मैना म्हनते, तुह्या वहीत काही आहे,” तो म्हणाला.

तिने वही लगेच उघडली नाही. डिंकाची वाटी झाकली.

“काका, मैनाबाई कोन्या गावची?”

“राजेगावची.”

“एवढ्या लांबून काहून आनली? घरचीच एखादी पाहाची होती.”

डोमाजीने कपाळाला आठ्या घातल्या. “येडी आहेस का तू? बहीनभावात कोनी सोयरीक करते का?”

“मंग देवाच्या झाडावर तुमी एवढी वर्सं काय करून राह्यले?”

तिने वही त्याच्यापुढे सरकवली आणि पान पान उलटू लागली. इथे तुमच्या लाल माळेची काळी मादी. इथे बिरसाकडचा नवरदेव. ही त्यांची लेकरं, पाहा, एकबी काळं नाही. अन् हे पान, याच लेकरायची आपसात लावली, पाहा, काळं आलं फिरून. ती शांतपणे बोलत होती. माझ्या हाताचं काय, हे तिने तोंडातून काढलं नाही. डोमाजीला वाचता येत नव्हतं, पण पंख त्याला वाचता येत होते. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. त्याचं बोट पानावरून फिरलं, काजळी पंखांपाशी थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “देव कोपला नाही म्हनतेस?”

“देवाचं मले मालूम नाही. पाखरायले बाहेरची सोयरीक पाह्यजे, एवढं मालूम आहे.”

तो उठून गेला. त्याचे डोळे भरून आले होते, हे तिने पाहिलं आणि तिला वाईट वाटलं. तीन वर्षं ज्या माणसाला हरवायचं म्हणून ती हात धुऊन मागे लागली होती, तो हरलेला बघून तिला गोड वाटलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. बिसेनचा लेख छापून आला, त्यात पुष्पलताचं नाव शेवटच्या ओळीत, आभारांत होतं. तो ओशाळून सांगायला आला तेव्हा ती म्हणाली, “लेख तुमचा सर. टेबल माहं.” पुढे १९७४ साली बीजघराची सगळी जबाबदारी तिच्याकडे आली. वह्या सात झाल्या. डोमाजीने तिच्या घरी पाणी प्यायल्याचं मात्र कोणाच्या ऐकिवात नाही, तेही लपवत नाही.

पण पडवीतल्या त्या बोलण्यानंतरची सकाळ सांगायचीच राहिली. डोमाजी नेहमीपेक्षा लवकर आला. खांद्यावर लाल दोऱ्याची माळ होती, देवाच्या झाडाच्या उरलेल्या तीस कोशांची. त्याने दाराशी लोटा ठेवला आणि आत आला. साहेब आपल्या जागी होते, मैनाबाई टेबलाशी कात्री घेऊन बसली होती. पुष्पलता कोपऱ्यात झाडत होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि माळ तिच्या हातात दिली.

“तूच लाव सोयरीक,” तो म्हणाला. “अन् झाडू ठेव तो.”

मैनाबाई जागेवरून उठली. पुष्पलता बसली. रात्री जमलेल्या जोड्या सोडवायच्या होत्या. डोमाजीने पहिली मादी धरून पुढे केली, तिने पंख कापले. दुसरी, तिसरी. द्यायला-घ्यायला बोटं बोटांना लागत होती आणि दोघांच्या बोटांवर तीच पिवळी भुकटी बसत होती. दुपारपर्यंत दोनशे माद्या झाल्या. मग डोमाजी उठला, पंच्याला हात पुसले आणि दारातून घरी गेला.

संध्याकाळी पुष्पलताने बीजघर आपण होऊन झाडलं, पंख गोळा करायचे होते म्हणून. दाराशी आली तेव्हा तिला लोटा दिसला. सकाळी ठेवला होता तसाच काठोकाठ भरलेला. हळदीच्या पाण्यावर एक कापलेला पंख येऊन पडला होता. तिने पंख बोटाने उचलला, पाणी अंगणातल्या येनाच्या मुळाशी ओतलं, आणि पंख वाळत घातला वहीसाठी.